हवेचं विरजण

ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला, झेने नदीच्या खोऱ्यालगत पायोटनलँड हा शेतीचा भाग आहे. तिथल्या एका लँबिक, म्हणजे हवेतल्या यीस्टने आंबणारी बिअर, बनवणाऱ्या घरात मी सून म्हणून आले. आजेसासऱ्यांची ही ब्रुअरी आता मी आणि माझे यजमान सांभाळतो.

इतर बिअरमध्ये यीस्ट बाहेरून आणून घालतात. आम्ही घालत नाही. सातूच्या माल्टसोबत, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूसोबत, निदान ३० टक्के कच्चा गहू घ्यायचा, दोन-तीन वर्षं ठेवून कडूपणा उतरलेले हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालायची एका वेलीची फुलं, टाकायचे, तासन्‌तास उकळायचं आणि रात्री माळ्यावरच्या पसरट तांब्याच्या हौदात, म्हणजे कूलशिपमध्ये सोडायचं. खिडक्या सताड उघड्या. पहिल्या हिवाळ्यात सासरे मला वर घेऊन गेले. वाफ इतकी, की समोरचा माणूस दिसेना. छताच्या वाशांवरून थेंब टपटपत होते. ते म्हणाले, "आपलं काम झालं, आता हवेचं." माहेरी रोज दही लावत असल्यामुळे मला ते लगेच उमगलं. विरजण होतं, फक्त ते हवेतून येत होतं.

सकाळी ते सगळं लाकडी पिंपांत भरतात. पिंपांवरची जाळी आम्ही झाडत नाही; तिथले कोळी फळमाश्या खातात.

पूर्वी इथे गावोगावी लँबिक व्हायचं. पुढे लोकांची जीभ गोडाकडे वळली, साखर घातलेली ग्योझ, म्हणजे नव्या-जुन्या लँबिकची मिसळ, बाजारात आली आणि एकेक ब्रुअरी बंद पडत गेली. सासऱ्यांनाही अनेकांनी तेच करायला सांगितलं. त्यांनी जोडीला शेती करून घर चालवलं, पण पिंपांत साखर पडू दिली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. १९९७ साली इथल्या लँबिकवाल्यांनी होराल ही संघटना उभारली आणि त्याच वर्षी 'औडे ग्योझ' (जुन्या पद्धतीची ग्योझ), 'औडे क्रीक' (तशीच आंबट चेरी घातलेली लँबिक) या नावांना युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं. तोवर खरं काय नि गोड केलेलं काय, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नव्हता.

आमचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. एका वर्षी आम्ही घाई केली, रात्र उबदार निघाली. काही महिन्यांनी पिंपांना नकोसा वास येऊ लागला आणि सगळा घाणा ओतून द्यावा लागला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. आता थंड रात्री कमी होत चालल्यात, त्याची काळजी वाटते.

यंदा ग्योझची मिसळ पहिल्यांदाच मुलीने ठरवली. एक वर्षाच्या लँबिकमध्ये फेसासाठी लागणारी साखर शिल्लक असते, तीन वर्षांच्यात चवीची खोली. दिवसभर ती एकेका पिंपाचा घोट घेत खडूने खुणा करत होती. बाटल्या आडव्या रचल्यावर तिनेच प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा पट्टा ओढला, म्हणजे उचलताना गाळ कुठे बसलाय ते समजतं. निदान सहा महिने त्यांना कुणी हलवणार नाही.