तुम्ही विचारलंत म्हणून : स्वर्ग संपतो का, नरक संपतो का?

"तुमच्यात स्वर्ग आणि नरक दोन्ही कायमचे असतात, हे खरे का?" हा प्रश्न मला वसईबाहेर नोकरीला लागल्यापासून अनेकांनी विचारला आहे, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा गीतेचा नववा अध्याय असतो: पुण्य क्षीण झाले की स्वर्गातला माणूस पुन्हा मर्त्यलोकात परततो. नरकाविषयीही समजूत तशीच आहे. भोग भोगून संपले की सुटका होते. अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती शिकवण ऐकून धक्का बसणे साहजिक आहे, आणि म्हणूनच त्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील पापांसाठी कधीही न संपणारी शिक्षा देणाऱ्या देवाला प्रेमळ कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती लोकही तो एकमेकांना अठराशे वर्षे विचारीत आले आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार, ते गोड मानून घ्यावे.

अधिकृत उत्तर मात्र छोटे आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रोटेस्टंट पंथांची शिकवण अशी की स्वर्गाला अंत नाही आणि नरकालाही नाही. मी स्वतः कॅथलिक आहे आणि ही शिकवण मला मान्य आहे; परंतु ही दोन 'कायमचे' एकाच पायावर उभी आहेत असे मला वाटत नाही, आणि हे पुढचे सगळे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

स्वर्गाबद्दल फारसा वाद नाही. तुलना करायचीच असेल तर आमच्या स्वर्गाची तुलना इंद्रलोकाशी न करता मोक्षाशी करावी, असे मी मित्रांना सुचवतो, कारण तो पुण्याच्या बदल्यात मिळालेला मुक्काम नसून देवाचे सान्निध्य आहे आणि ते कृपेने मिळते. जे कमावलेलेच नाही ते खर्ची पडण्याचा प्रश्न येत नाही. मोक्षाशी असलेले साम्य मात्र लवकरच संपते, कारण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात, माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. नवे आकाश आणि नवी पृथ्वी निर्माण होते व देवाची नगरी वरून खाली उतरते. जगाच्या शेवटी देहाचे पुनरुत्थान झाल्यावरचे, म्हणजे मेलेले देहासह पुन्हा उठल्यावरचे, हे चित्र आहे. मग आज मरण पावलेल्याचा आत्मा तोपर्यंत कोठे असतो? या प्रश्नावर १३३१ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे प्रवचन केले की शेवटच्या न्यायापर्यंत आत्म्यांना देवाचे पूर्ण दर्शन घडत नाही. त्यावरून एवढा गदारोळ उठला की १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी हे मत मागे घेतले, आणि त्यांच्यानंतर आलेल्या बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये उलट निर्णय जाहीर केला: शुद्ध झालेल्या आत्म्याला देवाचे दर्शन लगेच घडते आणि ते कधीही खंडित होत नाही. पोपच्या तोंडून निघालेले प्रत्येक वाक्य आमच्याकडे ब्रह्मवाक्य असते, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले मोठ्यांपेक्षा अवघड प्रश्न विचारतात. स्वर्ग कधीच संपणार नसेल तर कंटाळा येणार नाही का, असे एखादा मुलगा विचारतोच. चौथ्या शतकातील नीसा येथील बिशप संत ग्रेगरी यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे: देव अनंत असल्यामुळे त्याला जाणणे कधी पुरे होत नाही, प्रत्येक प्राप्तीतून नवी ओढ निर्माण होते आणि आत्मा सतत पुढे जात राहतो. स्वर्गात पोहोचलेला माणूस पुन्हा पाप करून खाली पडेल का, ही दुसरी शंका. संत ऑगस्टीन म्हणतात की पाप करता येणे ही स्वातंत्र्याची कनिष्ठ अवस्था आहे; पाप करावेसेच न वाटणे आणि ते करता न येणे, हे वरच्या दर्जाचे स्वातंत्र्य. मला हे उत्तर पटते, मुलांना मात्र ग्रेगरीच अधिक आवडतात.

नरकाकडे वळले की वाट खडबडीत होते. बायबलमध्ये या विषयावर एक सूर नाही. येशूचे जीवन सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र न देणारे आणि आजाऱ्याची व कैद्याची विचारपूस न करणारे सार्वकालिक शिक्षेला जातात, तर ते देणारे सार्वकालिक जीवनात जातात. त्याच शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात येशू देह आणि आत्मा या दोहोंचा नरकात नाश करू शकणाऱ्या देवाचे भय धरा, असे सांगतो. येथे यातना भोगत राहण्याचे चित्र नसून नष्ट होण्याचे आहे. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की अखेरीस देव सर्वांमध्ये सर्वस्व होईल. या तीन प्रकारच्या वचनांतून तीन मतप्रवाह निघाले: शिक्षा अनंत आहे, दुष्टांचे अस्तित्वच संपते, आणि शेवटी सर्वांचे तारण होते. तिन्ही मते मांडणारे लोक बायबल हाती धरूनच बोलत आले आहेत, हे भांडण ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाने लक्षात घ्यावे.

तिसऱ्या मताचे नाव इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनशी कायमचे जोडले गेले. तिसऱ्या शतकातील या विद्वानाची धारणा अशी होती की देवाची शिक्षा वैद्याच्या उपचारासारखी असते आणि तिचा हेतू बरे करणे हाच असतो, त्यामुळे शेवटी सर्व जीव देवाकडे परततील. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये त्याच्या मतांविरुद्ध फर्मान काढले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या निषेधांमध्ये ही शिकवण धिक्कारली गेली. विलक्षण गोष्ट अशी की वर उल्लेख केलेले नीसाचे ग्रेगरी जवळजवळ हीच आशा बाळगून होते, तरी त्यांचे संतपद कोणी काढून घेतले नाही. ऑगस्टीन मात्र दुसऱ्या बाजूचे खंबीर वकील होते. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २१व्या भागात ते नरक संपेल असे मानणाऱ्या कनवाळू ख्रिस्ती लोकांचा समाचार घेतात, आणि त्यांचा मुख्य मुद्दा साधा आहे: मत्तयच्या त्या एकाच वाक्यात शिक्षा आणि जीवन शेजारीशेजारी येतात, तेव्हा एकाला संपणारे मानले तर दुसऱ्यालाही मानावे लागेल. असे कनवाळू लोक त्यांच्या काळी पुष्कळ होते, हे ते स्वतःच अन्यत्र नमूद करतात. पश्चिमेकडील ख्रिस्तसभा (चर्च) ऑगस्टीनच्या बाजूने गेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिक्षा चिरंतन असल्याचे जाहीर केले, आणि पुढे लूथरच्या अनुयायांनी पोपशी बाकी सगळ्यावर भांडण मांडले तरी १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, नरक संपतो म्हणणाऱ्यांचा निषेधच केला.

मला व्यक्तिशः सर्वांत जवळचे वाटतात ते सातव्या शतकातील निनवेचे संत आयझॅक. आखाताच्या कतार भागात जन्मलेले हे सिरियाक भाषेतले संन्यासी पूर्वेकडील ज्या ख्रिस्तसभेचे बिशप होते, त्याच सभेशी केरळातील ख्रिस्ती लोकांचा शतकानुशतके संबंध होता. त्यांच्या लिखाणाचा हरवलेला मानला गेलेला दुसरा भाग १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सेबॅस्टियन ब्रॉक या अभ्यासकाला सापडला. देव सूड उगवतो ही कल्पनाच आयझॅक यांना असह्य होते. नरकातल्या माणसाला छळते ते प्रेमच, असे ते म्हणतात. ज्याने आपल्यावर इतके प्रेम केले त्याचा आपण द्रोह केला, ही जाणीव कोणत्याही आगीपेक्षा अधिक जाळते. आणि एवढा प्रेमळ देव हे सर्व शेवटी निष्फळ होऊ देईल, हे त्यांना संभवनीय वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा वाद नोकऱ्या जाण्यापर्यंत पोहोचला. धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस यांना अनंत शिक्षेबद्दल शंका व्यक्त केल्यामुळे १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. त्यानंतर १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत फ्रेडरिक फॅरर यांनी प्रवचनांची मालिका केली आणि मृत्यूबरोबर देवाची दया संपते असे कशावरून, हा प्रश्न भर व्यासपीठावरून विचारला. हे फॅरर १८३१ मध्ये आपल्या मुंबईत एका मिशनऱ्याच्या घरी जन्मले होते. सर्वांचे तारण होतेच असा दावा त्यांनी केला नाही, फक्त आशेला जागा ठेवली. तरीही उत्तर म्हणून ऑक्सफर्डचे धर्मपंडित पुसी यांना १८८० मध्ये अख्खा ग्रंथ लिहावा लागला.

दुष्टांचे अस्तित्वच संपते, हे मधले मत आज प्रामुख्याने सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मानतात. पुण्यातील औंध येथील स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत अजाण असतो आणि अखेरीस दुष्ट जळून नाहीसे होतात. परिणाम कायमचा राहतो, यातना राहत नाहीत. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध अँग्लिकन प्रवचनकार जॉन स्टॉट यांनीही १९८८ मध्ये या मताकडे आपला कल असल्याचे लिहिले. वचनांच्या दृष्टीने हे मत दुबळे नाही. माझी अडचण वेगळी आहे: ज्याला देवाने आपल्या प्रतिमेत घडवले त्याला पुसून टाकणे, ही देवाची हार नव्हे काय?

येथे विचारणाऱ्यांचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. कॅथलिक शिकवणीत तिसरी एक अवस्था आहे, शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, आणि ती मात्र निश्चितपणे संपणारी आहे. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ती पुन्हा ठामपणे मांडली आणि त्याच वेळी तिच्याविषयी भलत्यासलत्या कथा सांगण्यास धर्मगुरूंना मनाई केली. २ नोव्हेंबरला वसईतील कोणत्याही दफनभूमीत या, म्हणजे ही शिकवण पुस्तकाबाहेर कशी दिसते ते कळेल. आधीच्या दिवसांत थडगी घासून धुतलेली असतात, त्यांवर झेंडूची आणि शेवंतीची फुले मांडलेली असतात, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या हाताचा आडोसा करून पुन्हा पेटवल्या जातात, आणि मिस्सा (सामुदायिक उपासना) झाल्यावर फादर ओळीओळीने फिरून प्रत्येक थडग्यावर पवित्र पाणी शिंपडतात. आजोबांसाठी प्रार्थना करायची ती त्यांचे काही अजून चालू आहे आणि ते पूर्ण होणार आहे, या समजुतीनेच. स्वर्गातल्याला तिची गरज नाही आणि नरकातल्याला तिचा उपयोग नाही, असे शिकवण सांगते. आपले माणूस नरकात आहे असे गृहीत धरून दफनभूमीतून परत गेलेले कुटुंब मी तरी पाहिलेले नाही.

घरोघरच्या रोझरीतही, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेतही, हेच दिसते. माळेतल्या दहा-दहा मण्यांच्या प्रत्येक गटाच्या शेवटी आम्ही फातिमाची प्रार्थना म्हणतो. पोर्तुगालमधील फातिमा गावी १९१७ मध्ये तीन मुलांना मरियामातेने ती शिकवली, असे मानले जाते, आणि त्याच दर्शनात मुलांना नरकही दाखवला गेला. प्रार्थनेत आम्ही येशूला सांगतो की आम्हाला नरकाच्या अग्नीपासून वाचव आणि सर्व आत्म्यांना स्वर्गात ने. सर्व, असे आम्ही म्हणतो. बहुतेक किंवा लायक, असे म्हणत नाही. जी गोष्ट घडणे अशक्य आहे ती मागायला ख्रिस्तसभा आपल्या लेकरांना शिकवणार नाही, एवढा तर्क मी करतो.

म्हणूनच दोन 'कायमचे' सारखे नाहीत असे मी म्हटले. रविवारच्या मिस्सात आपण श्रद्धेची जी कबुली देतो तिचा शेवट येणाऱ्या युगातील जीवनाने होतो. अनंत नरकावर विश्वास ठेवतो असे तिच्यात कोठेही नाही. (अथानासियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत सार्वकालिक अग्नीचा उल्लेख आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) ख्रिस्तसभा एखादी व्यक्ती स्वर्गात आहे असे जाहीर करते, आमच्या वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये तसे संत घोषित केले गेले. पण अमुक माणूस नरकात आहे, असे तिने आजवर एकाही माणसाविषयी जाहीर केलेले नाही, येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कार्योतविषयीसुद्धा नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै १९९९ मधील एका जाहीर सभेत सांगितले की नरक ही जागा नसून देवापासून स्वतःला कायमचे तोडून घेण्याची अवस्था आहे, आणि तिच्यात कोणी माणूस आहे की नाही हे आपल्याला ज्ञात नाही. स्वर्ग टिकतो तो देवामुळे. नरक टिकलाच तर तो माणसाच्या हट्टामुळे टिकेल, आणि माणसाचा हट्ट देवाच्या धीराइतका टिकाऊ आहे, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

नरक रिकामाच आहे असे मात्र मी म्हणत नाही. ज्यांनी हजारोंना छळून मारले आणि शेवटपर्यंत ज्यांना त्याची खंत वाटली नाही, त्यांच्याबद्दल बळींच्या वतीने उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. जबरदस्तीने घडवून आणलेला पश्चात्ताप हा पश्चात्तापच नव्हे, हा ओरिजेनविरुद्धचा आक्षेपही मला खोडता आलेला नाही. आशा धरणे आणि हमी देणे यांत अंतर आहे, आणि मी आशेपाशी थांबतो.

उरतो तो प्रश्न, जो विचारणारा सहसा सर्वांत शेवटी, हसत हसत विचारतो: "मग आम्ही कुठे जाणार?" आपला प्रश्न खरे तर हाच होता, हे दोघांनाही ठाऊक असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज संमत केला त्याच्या १६व्या परिच्छेदात म्हटले आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलेले नाही, परंतु जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. त्याच दस्तऐवजाचा १४वा परिच्छेद आमच्यासारख्यांसाठी आहे, आणि तो आमच्या प्रवचनांत क्वचितच वाचला जातो. त्यानुसार जो कॅथलिक केवळ शरीराने ख्रिस्तसभेत राहतो आणि प्रीतीत टिकून राहत नाही, त्याचे तारण होणार नाही. उलट त्याला अधिक मिळालेले असल्यामुळे त्याचा न्याय अधिक कडक होईल.