आमची वाटचाल : स्टिकच्या टोकावरचा धंदा

विमान हाकायचा दांडा म्हणजे स्टिक, आणि तिच्या टोकाला हातात धरायची मूठ म्हणजे ग्रिप. घरी बांधलेल्या विमानांसाठी आम्ही त्या ग्रिप बनवतो. आमच्या ग्रिपच्या तळाशी ॲल्युमिनियमची एक कॉलर, म्हणजे कडं, असते. तिच्यात समोरासमोर दोन आखूड स्क्रू. आटे कॉलरमध्येच संपतात, पुढचं टोक गुळगुळीत असतं आणि ते स्टिकच्या नळीला पाडलेल्या भोकात खुंटीसारखं बसतं. नळीच्या आत डोकावत नाही, कारण आतून वायरी जातात. लोक ग्रिप हातात घेतात, अंगठ्याखालची हॅट, म्हणजे स्विचची छोटी टोपी, चारही दिशांना ढकलून बघतात, ट्रिगर दाबतात, वा म्हणतात. तळाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमची फर्म बुडायची वेळ आली ती हे स्क्रू दुसऱ्या कुणीतरी गाळले म्हणून. सगळी कथा तिथेच आहे, बाकी भरताड.

सुरुवात दोघांची. मी लेथवरचा आणि साच्यांचा माणूस, भागीदार वायरिंगचा. दोघेही इतरांची घरी बांधलेली विमानं पुरी करायला हातभार लावत होतो, आणि दोघांनाही एकच गोष्ट खटकायची. माणूस वर्षानुवर्षं खपून रिव्हेट न् रिव्हेट तपासतो, आणि ज्या जागी त्याचा हात पूर्ण उड्डाणभर राहणार, तिथे सायकलच्या हँडलचा फोम चढवून बाजूला टेपने एक बटण चिकटवतो. नाहीतर दुसरं टोक : लष्करी भंगारातली बी-८ ग्रिप. ग्रिप दणकट, त्याबद्दल वाद नाही. पण ती जेट आणि हेलिकॉप्टरवाल्यांच्या हातमोजे घातलेल्या हातासाठी. दोन सीटच्या विमानात शेतांवरून चक्कर मारणाऱ्याला शस्त्र सोडायचं बटण काय करायचंय? तो त्याला रेडिओ जोडतो आणि खूश होतो.

पहिला पॅटर्न मी लाकडात काढला. कानशीने आकार, त्यावर मोटारीच्या डेंटिंगची पुट्टी, मग पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. ओळखीच्या प्रत्येक बिल्डरच्या हातात तो दिला. लहान हात, जाड बोटं, संधिवाताने वाकलेली बोटं. त्यातून एक गोष्ट कळली : बोटांच्या खाचा जितक्या खोल, तितकी ग्रिप दुकानात छान वाटते आणि तासाभराच्या उड्डाणात नकोशी होते. हात सरकवायला जागा हवी. आमच्या खाचा उथळ आहेत, त्या मुद्दाम.

पॅटर्नवरून सिलिकॉनचा साचा, साच्यात पॉलियुरेथेन रेझिन. रेझिन ओतण्याआधी व्हॅक्यूमखाली ठेवून हवा काढावी लागते, नाहीतर बुडबुडा नेमका स्विचच्या बैठकीत येतो. बाहेर आलेला बुडबुडा बुजवता येतो, बैठकीतला दिसतच नाही. स्विच बसतो, महिनाभर चालतो आणि मग हलायला लागतो. म्हणून सुटून आलेली प्रत्येक ग्रिप मी बॅटरीच्या उजेडात आतून बघतो. अजूनही मीच बघतो.

ग्रिपमध्ये स्टिक शिरते त्या भोकाचं म्हणाल तर तो वेगळाच ताप. घरी बांधायच्या आरव्ही मालिकेतल्या बऱ्याच विमानांची स्टिक एक इंची नळीची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. काही विमानांना पाऊण इंची, काहींना त्यांच्या मधली. आम्ही एक इंचाचं भोक रीमरने काढतो आणि बारीक नळीला बुश देतो. एवढं सोपं. पण बिल्डर नळी मोजून ऑर्डर देतो आणि मग तिला पावडर कोटिंग करून आणतो! कोटिंगचा थर एका बाजूला मिलिमीटरचा विसावा भाग धरा, कधी दहावा. दोन्ही बाजू मिळून ग्रिप अडते. मग तो कानस घेऊन ग्रिपच आतून घासतो, भोक लंबगोल होतं, आणि फोन येतो की तुमची ग्रिप डुगडुगते.

भागीदाराचं काम मात्र देखणं होतं, हे मी आजही कबूल करतो. टेफझेल आवरणाच्या बारीक वायरी, प्रत्येक टोकाला हीट श्रिंक, स्टिकच्या बुडाशी डी-सब कनेक्टर, म्हणजे ग्रिप काढायची तर कात्री लागत नाही. पिव्हटपाशी, म्हणजे स्टिक जिथे वळते तिथे, तो वायरीला असा ढिला वळसा ठेवायचा की स्टिक कुठेही गेली तरी ताण एका जागी यायचा नाही. रेडिओचं बटण मधूनमधून दगा देतं अशी तक्रार आली की लोक स्विच बदलतात. तो आधी बुडाशी वाकून वायर चिमटीत धरायचा आणि मल्टिमीटरची बीप तुटते का ऐकायचा. दहातल्या आठ वेळा तिथेच तुटलेली असायची, वरचं आवरण शाबूत आणि आतली तार गेलेली.

ट्रिमचं, म्हणजे स्टिकवर हाताला सतत जाणवणारी ओढ काढणाऱ्या यंत्रणेचं, तर त्याने कितीजणांना शिकवलं. रे ॲलन कंपनीच्या सर्व्होला, म्हणजे ट्रिम हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या डबीला, पाच वायरी : दोन मोटरच्या, तीन पोझिशन दाखवणाऱ्या. मोटर उलटी फिरवायची तर दोन वायरींची ध्रुवता उलटावी लागते, आणि ग्रिपमधली हॅट तर वायर नुसती ग्राउंडला जोडते. म्हणून मध्ये दोन रिले, म्हणजे विजेने पलटणारे स्विच. दोन्ही पायलटांनी एकाच वेळी विरुद्ध दिशांना दाबलं तरी मोटरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज मिळतो, मोटर थांबते, फ्यूज उडत नाही. दोन साधे उलटसुलट स्विच समांतर जोडून हेच करायला जाल तर थेट शॉर्ट.

असा माणूस एक दिवस म्हणाला, मी वेगळं होतो. व्हायला हरकत नव्हती. हिशेब मिटवला. पण साचाही त्याच्यासोबत गेला. माझ्या हाताने घासलेल्या पॅटर्नवरून निघालेला तो साचा. त्याचं म्हणणं, रेझिनचे पैसे दोघांचे होते. यावर मी काय बोलणार? पॅटर्न माझ्याकडे होता, नवा साचा काढला. पुढच्याच हंगामात बाजारात त्याची ग्रिप आली. तोच आकार, त्याच उथळ खाचा, अंगठ्यापाशी माझ्याच कानशीचा तो किंचित चपटा भाग. वायरिंग अर्थातच उत्तम. आणि आमच्याहून स्वस्त, कारण कॉलर नव्हती. रेझिनमध्येच पितळी इन्सर्ट, त्यात एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू, आणि तो नळीच्या रंगावर नुसता दाबून बसवायचा. नळीला भोक पाडायचं नाही, हीच जाहिरात! बिल्डरला कंट्रोल स्टिकला भोक पाडायची भीती वाटते, ते मी समजू शकतो. पण रंग दाबाखाली हळूहळू बसतो, स्क्रूची पकड तेवढी सुटते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

सिलिकॉनचा साचाही म्हातारा होतो. पुढेपुढे त्याच्या ग्रिपच्या कडा बोथट यायला लागल्या, आणि लोक मला विचारायचे, तुमचं फिनिशिंग का बिघडलं? मी सांगायचो, ती आमची नाही. कुणाला पटायचं, कुणाला नाही.

मग ते झालं. भागीदाराकडून घेतलेली एका बिल्डरची ग्रिप लँडिंगच्या शेवटच्या टप्प्यात हातात फिरली. फार नाही, पाव वळणाहून कमी. आडवा वारा होता, त्याने मूठ घट्ट आवळली होती. विमान सुखरूप उतरलं, माणूसही अनुभवी. पण आत वायरी पिळल्या गेल्या आणि रेडिओचं बटण चालू स्थितीत अडकलं, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी कुणाला बोलता येईना. ग्रिपचे फोटो हातोहात फिरले. फोटोत काय दिसतं? आकार. आकार कुणाचा? माझा.

ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. आगाऊ रकमा परत केल्या, मागेल त्याला, वाद न घालता. रेझिनवाल्याने उधारी बंद केली. जुने गिऱ्हाईक फोन उचलून गोड बोलायचे आणि ग्रिप परत पाठवायचे. भागीदाराने एका ओळीचा खुलासा केला असता तरी पुरे होतं : ती ग्रिप माझी, त्यांची नव्हे. तो गप्प राहिला. त्याची विक्री तशीही आमच्याच नावावर चालली होती, तो कशाला बोलेल? लेथ विकायला काढायचा विचार होता. मोजमाप करायला माणूस येऊन गेला होता.

आम्हाला वाचवलं मास्तरांनी. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, कारण आयुष्यभर त्यांनी मशीन शॉप शिकवलं. ते मागेपुढे दोन सीटचं विमान बांधत होते आणि आमची अगदी पहिल्या घाण्यातली ग्रिप त्यांच्या पुढच्या स्टिकवर होती. माझ्यावर त्यांचा लोभ वगैरे नव्हता. उलट अधूनमधून पेन्सिलीने लिहिलेल्या उणिवांची चिठ्ठी यायची. त्यांना ते फोटो पटले नाहीत, एवढंच. हँगरमध्ये बिल्डर जमले असताना त्यांनी दोन सारख्या नळ्या, एकाच रंगाच्या, व्हाइसमध्ये पकडल्या. एकीवर आमची ग्रिप, दुसरीवर त्याची. दोन्हींना हातभर लांबीची पट्टी क्लँप केली, पट्टीच्या टोकाला ताणकाटा, आणि सावकाश ओढत गेले. त्याची ग्रिप आधी करकरली, मग सरकली. रंगावर ग्रब स्क्रूने ओढलेला चकचकीत ओरखडा सगळ्यांनी बोट लावून पाहिला. आमच्या ग्रिपवर ते पट्टी वाकेपर्यंत ओढत राहिले. मग दोन्ही ग्रिप शेजारी उलट्या ठेवून म्हणाले, “आता तळ बघा. वरून दोन्ही सारख्याच दिसणार.”

त्यांनी त्याच दिवशी मागच्या सीटसाठी दुसरी ग्रिप मागवली. सोबत चिठ्ठी होतीच : कॉलरच्या कडेला चँफर, म्हणजे तिरका उतार, कमी आहे. होता खरा कमी. वाढवला.

भागीदाराने पुढे दुसरा व्यवसाय धरला. कुठे भेटलो तर नमस्कार होतो. साचा अजून परत केलेला नाही.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वाय-स्टिकवाल्यांसाठी डाव्या हाताची ग्रिप सुरू केली एवढं सांगतो. झेनिथच्या काही विमानांत दोन सीटच्या मधोमध एकच स्टिक, वर दोन फाटे. डावीकडचा माणूस उजव्या हाताने उडवतो, उजवीकडचा डाव्या. तिथे दोन्हीकडे उजव्या हाताची ग्रिप लावणारे अजून भेटतात. लाँग-ईझेड विमानाची गोष्ट उलटी : बाजूच्या कन्सोलवर छोटी स्टिक, सगळी हालचाल मनगटात, तिथे आमची पूर्ण लांबीची ग्रिप अवजड होते. त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो.

आता कुणी विचारलेलं नसताना चार गोष्टी सांगतो, कारण फोनवर रोज त्याच सांगाव्या लागतात. सीटची गादी कायमची ठरल्याशिवाय स्टिक कापू नका. गादीवर, बेल्ट बांधून, थंडीतलं जाकीट घालून बसा. स्टिक पूर्ण मागे घेऊन पोटाला लागते का, पूर्ण पुढे ढकलून बोटं पॅनेलला लागतात का, चारही कोपऱ्यांत नेऊन मांडीला अडते का, हे बघा. मग थोडी कमीच कापा. पुन्हा कापता येते, जोडता येत नाही. ग्रिप विमानाच्या नाकाच्या रेषेत सरळ बसवू नका. डोळे मिटून हात सहज मांडीवरून उचला, मूठ जशी किंचित आत वळलेली असेल तशी ग्रिप फिरवा, पेन्सिलीने खूण करा, आणि मगच कॉलरमधून भोकाची जागा घ्या. भोक पाडल्यावर आतला बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, काढा आणि तारेला कापसाचा बोळा बांधून नळीतून ओढा. एक तंतू अडकला तरी बर शिल्लक आहे, आणि तोच पुढे वायरीचं आवरण खाणार.

हॅट मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली. हे जमिनीवर ट्रिम टॅबकडे, म्हणजे शेपटीच्या एलिव्हेटरवरच्या छोट्या फळीकडे, बघून तपासा, सर्व्होच्या आवाजावरून नाही. नाक वर करायचं तर एलिव्हेटरवरचा टॅब खाली जातो, इथे शहाणी माणसं फसतात. ट्रिमला वेगळा स्विच किंवा ब्रेकर ठेवा, न वाकता हाताला येईल असा. हॅट अडकली तर मोटर टोकापर्यंत पळत जाते, आणि वेगात असाल तर ती ओढ दोन्ही हातांनी सोसावी लागते.

आणि स्टार्टरचं बटण ग्रिपमध्ये आम्ही देत नाही. मागणी दर आठवड्याला येते. स्टार्टरच्या काँटॅक्टरची, म्हणजे मोठ्या रिलेची, कॉइल काही अँपिअर ओढते आणि बंद होताना उलटा झटका देते. कॉइलवर डायोड नसेल तर या चिमुकल्या बटणाचे संपर्क त्या ठिणगीने जळतात, कधी एकमेकांना चिकटून बसतात. डायोड लावला, मध्ये रिले घातला, तरी उडता उडता अंगठा चुकून पडायचा तो पडणारच. दुसरे कुणी देतात, त्यांच्याकडून घ्या.

ऑर्डर देताना विमानाचं मॉडेल, स्टिक मध्ये आहे की बाजूला, आणि कुठल्या हाताने उडवता ते लिहा. नळीचा बाहेरचा व्यास रंगकाम झाल्यावर मायक्रोमीटरने दोन जागी मोजून कळवा. पट्टीने मोजलेला आकडा आम्ही घेत नाही.