ब्रॉडलीफची होडी, उदबत्ती आणि मामांचा फोन

मंडळी, घरी वळलेल्या सिगारांची माझी आंधळी चाचणी (डोळे बांधून फक्त चवीवरून सिगारचं सर्वात वरचं पान, म्हणजे रॅपर, ओळखायचं) फुटली. दहावीचा पेपर फुटतो तशी फुटली, आणि फोडणारा निघाला ब्रॉडलीफ, त्या रॅपरांतलाच एक.

मागच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की आता फक्त ओढायचं आणि आकडे मांडायचे. मांडणी तीच आहे: चार इंच, ४२ रिंग गेज (जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत), फिलर म्हणजे आतली भरणी पाच ग्रॅम (झाडाच्या खालपासून वरपर्यंतची, सौम्य ते कडक पानं: सेको तीन, विसो दीड, लिगेरो अर्धा, तो अर्थात मधोमध), बाइंडर म्हणजे भरणी बांधणारं पान सगळ्यांना एकच. बदलतो तो फक्त रॅपर. कनेक्टिकट शेड, कनेक्टिकट ब्रॉडलीफ, इक्वेडोर हबानो आणि कॅमेरून. प्रत्येकी सहा, एकूण चोवीस. शेडचा रॅपर माझ्या काट्यावर ०.३ ग्रॅम भरतो, ब्रॉडलीफचा ०.५. सहा ग्रॅमच्या सिगारमध्ये पाच ते आठ टक्के वजन, आणि म्हणे साठ-सत्तर टक्के चव त्यातूनच येते. हे गणित पटत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय.

पहिल्या फेरीत बारा सिगार. डोळ्यांवर विमानातला पट्टा. कॅमेरूनचे बारीक दाणे बोटांना लगेच कळतात, म्हणून सिगार हातात घ्यायचाच नाही, कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरायचा. पहिला दीड इंच ओढायचा आणि सांगायचं. आठवड्याला दोन, त्याहून जास्त नाही, हा घरातला करार आहे. बायको सिगार पेटवून देणार आणि वहीत लिहिणार.

बारापैकी आठ बरोबर! ब्रॉडलीफ तर तीनपैकी तीन. मी गॅरेजमध्ये नाचायचाच बाकी होतो. बायकोने वही मिटली आणि म्हणाली, "तू चव ओळखत नाहीयेस, लायटरचा आवाज ओळखतोयस."

खरं होतं. तिन्ही ब्रॉडलीफ एका बाजूने जळत होते. आतला बाइंडर पुढे पळतोय, एका बाजूचा रॅपर काळी कडा धरून मागे बसलाय, पाच मिनिटांत सिगारची होडी. मग ती बाजू लायटरने जाळून वर आणायची. बाकी तिघांना एकदाही लायटर लागला नाही. म्हणजे 'टर्र' आवाज आला की उत्तर ब्रॉडलीफ. डोळे बांधून काय उपयोग?

पुढचे दोन महिने त्या होडीत गेले.

पहिला संशय स्वतःवर. फिलर एका बाजूला दाटला असेल म्हणून दोन सिगार उभे चिरून पाहिले. भरणी समान होती. आता मी प्रत्येक पानाची वेगळी नळी करून भरतो, पुस्तकासारखी घडी घालणं सोडलंय, आणि त्याने ड्रॉ, म्हणजे धूर ओढला जाणं, खरंच सुधारलाय. मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दर वीस मिनिटांनी बंच (बाइंडरमध्ये गुंडाळलेली भरणी) पाव वळसा फिरवला. होडी कायम. मुख्य शीर त्या बाजूला येते का ते पाहिलं. कधी येत होती, कधी नाही.

मग ओलावा. माझ्या ह्युमिडॉरमध्ये (सिगार दमट ठेवायची पेटी) आतापर्यंत स्पंज आणि डिस्टिल्ड वॉटर, आणि ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरच्या काट्यावर ६९ टक्के. तुमच्यापैकी दोघांनी पूर्वीच बजावलं होतं की मिठाची परीक्षा घे. मी घेतली नव्हती, कबूल. आता घेतली. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंबथेंब पाणी, मीठ विरघळू द्यायचं नाही, नुसतं चिखलासारखं करायचं. हे आणि हायग्रोमीटर एका बंद बरणीत रात्रभर. साध्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, त्यात वाद नाही. माझा काटा सकाळी ६९ दाखवत होता.

म्हणजे मी ज्याला ६९ समजत होतो ते ७५ होतं. हिवाळाभर सिगार सर्दीत ठेवल्यासारखे. हायग्रोमीटर कुठल्या दुकानातून घेतला ते सांगत नाही, पण सुंदर पितळी तबकडी असलेली कुठलीही वस्तू यापुढे फक्त शोभेला. स्पंजही फेकला. आता बोवेडाची, ओलावा ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं आणि वीस डॉलरचा कुरूप डिजिटल काटा, तोही मिठावर तपासून. पाकिटं महाग पडतात असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच: दोन महिन्यांची किंमत किती?

तीन आठवडे ६५ वर ठेवून पुन्हा ओढले. शेड आणि हबानो आधीपेक्षा सरस. ब्रॉडलीफची होडी दर वेळी व्हायची, ती आता एकाआड एक व्हायला लागली. सुधारणा म्हणायची, पण चाचणीसाठी निरुपयोगी.

इथे आमचे शेजारचे आजोबा आले. मी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या विंडसरला राहतो हे जुन्या वाचकांना माहीत आहे. हार्टफर्डच्या विमा कंपन्यांमुळे इथे आपली मंडळी बरीच आहेत, पण घराबाहेरच्या त्या लांबच लांब लाकडी कोठारांत काय वाळत असे हे निम्म्यांना ठाऊक नसतं. कनेक्टिकट खोऱ्यात कापडाच्या मांडवाखाली तंबाखू पहिल्यांदा लावली गेली ती याच विंडसरमध्ये, १९०० साली, सुमात्राच्या पातळ पानाशी टक्कर द्यायला. मांडवाखाली ऊन मवाळ, हवा दमट, म्हणून पान रुंद आणि पातळ. आजोबा चौदाव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मांडवात खालची पानं खुडायला जात. बाहेरगावची मुलंही येत. १९४४ च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांचा मार्टिन लूथर किंग ज्युनिअर जवळच्या सिम्सबरीत तंबाखूच्या शेतावर राबून गेला, हे आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मी वापरतो ते शेड मात्र इक्वेडोरचं. विंडसरमध्ये राहून इक्वेडोरहून कनेक्टिकट मागवायचं, याची त्यांना फार मौज वाटते. तिथे ढगच मांडवाचं काम करतात, कापडाचा खर्च नाही, त्यामुळे पान मला परवडतं.

तर आजोबांनी माझं ब्रॉडलीफ हातात घेतलं, ताणलं, वास घेतला आणि विचारलं, "हे पेटतं का?" सिगार नव्हे, नुसतं पान. त्यांच्या काळी पान पारखायची रीत: निखारा टेकवायचा, ज्वाळा न होऊ देता, आणि पान किती सेकंद धुमसत राहतं ते मोजायचं.

निखारा म्हणजे आपल्या घरात उदबत्ती. देवघरातली घेतली (परवानगीने) आणि चारही पानांना टेकवली. प्रत्येकी पाच ठिकाणी, सरासरी अशी: शेड १४ सेकंद, कॅमेरून ११, हबानो १०, ब्रॉडलीफ ३. तीन! टेकवलं, लाल झालं, विझलं. जे पान स्वतः धुमसत नाही ते सिगारवर काय धुमसणार? दोन महिने मी भरणी, मोल्ड आणि शिरा तपासत बसलो, आणि चोर वरतीच गुंडाळलेला होता.

जाड तेलकट पान सावकाश जळतं हे मान्य. स्टॉक-कट पान, अख्खं झाड तोडून टांगलेलं, वर लांबलचक आंबवणं. त्याची प्रकृतीच जड. पण तीन सेकंद म्हणजे अतीच. त्या रात्री निपाणीला मामांना फोन लावला. मामांनी चाळीस वर्षं बिडीची तंबाखू केली, आता फक्त मतं पिकवतात.

"खत काय टाकलंय त्यानं?" पहिला प्रश्न.

"मामा, मला कसं कळणार? पाकिटावर 'ब्रॉडलीफ, गडद' एवढंच लिहिलंय."

"मग म्युरेट टाकलं असंल. न्हाईतर खारं पाणी दिलं असंल. क्लोराइड पानात बसतंय रं, पान वल धरतंय आन् इस्तू मरतोय. तमाखूला सल्फेटच लागतंय, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंबी सांगंल."

म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, स्वस्त. सल्फेट ऑफ पोटॅश महाग. पोटॅश जळणाला मदत करतं, क्लोरीन नेमकं उलट. माझ्या पानात तेच झालंय हे मी सिद्ध करू शकत नाही, पण पान ओल धरतंय हे मात्र जुळलं: त्याच ६५ वर एक दिवस ठेवलेलं ब्रॉडलीफ बोटाला दमट लागायचं, बाकीची कोरडी. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की प्रत्येक पान वेगळं असतं, ही निसर्गाची देणगी आहे. देणगी! पौंडाला किती घेतले ते मी इथे लिहीत नाही, बायको वाचते.

दुसरीकडून आणलं. हा माणूस पीक कुठल्या वर्षाचं आणि पान झाडाच्या कुठल्या भागातलं ते पाकिटावर लिहितो. फोटो टुकार, पॅकिंग झकास. आल्या आल्या उदबत्ती: ९ सेकंद. सहा सिगार वळले. तीन आठवडे थांबणं जिवावर आलं, पण थांबलो. आणि पहिला पेटवला तेव्हा, मंडळी, जळती कडा सरळ! दीड इंचभर एकदाही लायटर नाही. राख दोन सेंटिमीटर धरून राहिली. मी तिचा फोटो काढला आणि मग बायकोला बोलावून दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं तसं मुलाच्या पहिल्या दाताकडेही पाहिलं नव्हतं, पण वेगळ्या अर्थाने.

मधल्या काळातली आणखी एक कमाई: शेडचा रॅपर न फाटता बसायला लागला. आधी सात फाडले होते. उत्तर अगदी साधं, पानावर पाणी फवारल्यावर लगेच हात लावायचा नाही, पिशवीत तासभर मुरू द्यायचं. चवेता, म्हणजे सिगारवाल्यांची पान कापायची सुरी, आता फक्त भिंतीवर. कापायला शिवणकामाचं गोल पातं घेतलंय, पातळ पान ओढलं जात नाही. डिंकालाही पेक्टिन बंद, ग्वार गम चालू. म्हणजे गवारीच्या बियांचं पीठ. इंडियन ग्रोसरीत भाजी म्हणून नाक मुरडतो तीच गवार.

दुसरी आंधळी फेरी, पुन्हा बारा. सात बरोबर. नुसतं अंदाजाने बोललो असतो तर तीन आले असते, म्हणजे काहीतरी कळतंय. ब्रॉडलीफ पुन्हा तीनपैकी तीन, कॅमेरून दोन, शेड एक, हबानो एक. शेड आणि हबानो यांची मी सर्रास अदलाबदल केली. उघड्या डोळ्यांनी याच दोघांवर मी मागे अर्धं पान लिहिलं होतं, एकात साय आणि दुसऱ्यात मिरी. ते वाचायला आता लाज वाटते.

पण ब्रॉडलीफ लायटरशिवाय कसा ओळखला? इथे पुन्हा मामा. मी फोनवर रॅपरचं कौतुक सांगत होतो, तर म्हणाले, "बिडीचं पान तर तमाखूबी न्हाई, तेंदूचं. तरी पान बदललं की गिऱ्हाईक वळखतंय." मी विचारलं, धुरावरून? "धूर कुठला! पेटवायच्या आधी ओठात धरतंय की."

ओठ! ब्रॉडलीफ न पेटवता नुसता तोंडात धरला तरी गोडसर लागतो, मनुक्यासारखा. मी डोळे बांधले, बोटांना चिमटा दिला आणि जिभेला मोकळं सोडलं होतं.

म्हणून तिसरी फेरी: प्रत्येक सिगारच्या डोक्याला जाड कागदाची नळी, ओठ पानाला लागणारच नाहीत. नवे बारा वळले. नळी आधी कोऱ्या हवेत ओढून पाहिली, कागदाची चव नगण्य. निकाल: बारापैकी चार. ब्रॉडलीफ तीनपैकी दोन, बाकी सगळा मटका.

बारा म्हणजे फार थोडे, हे मला कळतं. संख्याशास्त्रवाल्यांनी दगड खाली ठेवावेत. तरी सातावरून चार ही घसरण मला छळतेय, आणि ठरलेली पुढची पायरी होती फेरी चार, त्यात सॅन आंद्रेस हे मेक्सिकोचं पान आणायचं, चारऐवजी पाच रॅपर.

ते आता रद्द. हे लिहिता लिहिताच सुचलं: नळी कशाला, डोकंच बदलू या. अंगभर शेड आणि तोंडात धरायच्या टोकाची टोपी तेवढी ब्रॉडलीफची. आणि उलट, अंग ब्रॉडलीफचं, टोपी शेडची. धूर एकाचा, ओठ दुसऱ्याचे. मी जर टोपीला भुललो, तर रॅपरच्या चवीतली किती जळण्याआधीची आहे ते हातात येईल. आणि अंगाला ओळखलं, तर मामांना फोन करून सांगीन की धूरही थोडं बोलतो.

मधेच उठून चार वळलेसुद्धा, दोन असे, दोन तसे. एक अडचण आत्ताच दिसतेय: ब्रॉडलीफची जाड टोपी शेडच्या पातळ अंगावर बसत नाही, एका सिगारची कड वाळताना उचलली गेली. गवारीचा डिंक जरा घट्ट करून पुन्हा चिकटवलाय आणि वरून शिवणाचा दोरा गुंडाळलाय. टोपीची जाडी ओठांना कळू नये यासाठी काय करावं ते अजून सुचलेलं नाही. शेडची टोपी दुपदरी केली तर? कोणी केलं असेल तर सांगा, चौघेही तीन आठवडे ६५ वर आहेत, तेवढा वेळ आहे.