तुम्ही विचारलंत म्हणून: गिल्पिनच का?

नाट्यशिबिर कुठलंही असो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. "सर, तुम्ही फिरून फिरून त्या चार्ल्स गिल्पिनवरच का येता? सांगायचाच तर पॉल रोबसन सांगा की." मागच्या शिबिरात एका मुलीनं सरळच विचारलं, "तुम्हाला जातीवर बोलायचंय ना? मग न्यूयॉर्कला वळसा कशाला घालता?" पोरं हसली. मीही हसलो आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

आता एकदाचं लिहूनच टाकतो. गिल्पिन आणि रोबसन, दोघेही काळे अमेरिकन नट.

रोबसनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो आवाज, ती उंची, नेहरूंशी असलेला स्नेह, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्याची बाजू मांडायला माझी गरज नाही. पण १९२४ मध्ये न्यूयॉर्कात आणि पुढच्या वर्षी लंडनला रोबसननं अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलचा 'एम्परर जोन्स' उभा केला, तेव्हा ती भूमिका आधी ज्यानं घडवली तो माणूस हयात होता, नट म्हणून कामही करत होता. त्याला का घेतलं नाही, हा माझा प्रश्न आहे. आणि तो मला का पडतो, हा तुमचा.

गिल्पिन १८७८ चा, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. पोरवयात छापखान्यात लागला. नाटकाचं वेड लागलं ते सुटलं नाही, पण नाटकानं पोटही भरलं नाही. दौरा संपला की न्हावीकाम, लिफ्ट चालवणं, पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या झोपायच्या डब्यात पोर्टरची चाकरी. त्या पोर्टरांना गोरे प्रवासी सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे, मालकाचं नाव जॉर्ज पुलमन म्हणून. स्वतःचं नाव घरी ठेवून यायचं. मग पुन्हा दौरा. विल्यम्स आणि वॉकर यांची कंपनी, शिकागोचं पेकिन थिएटर, १९१६ च्या सुमारास हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतला लाफायेत थिएटरचा संच. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्याचं पाऊल पडलं ते थेट १९१९ च्या डिसेंबरात, 'अब्राहम लिंकन' नाटकात, विल्यम कस्टिस या छोट्या भूमिकेत. वय एक्केचाळीस. आपल्याकडे या वयात नट सत्काराच्या शाली मोजायला लागतात.

आणि मग १ नोव्हेंबर १९२०. ग्रीनिच व्हिलेज, मॅकडूगल स्ट्रीट, प्रोव्हिन्सटाउन प्लेहाउस. थिएटर कसलं, खुराडंच. पैशांची बोंब असताना दिग्दर्शक जॉर्ज क्रॅम कुक यांनी रंगमंचामागे प्लास्टरचा घुमट बांधून घेतला, रात्रीचं आभाळ अथांग दिसावं म्हणून. आठ प्रवेश, त्यातले मधले सहा जवळजवळ एकट्या जोन्सचे. पळून आलेला पुलमन पोर्टर एका बेटाचा राजा होतो, प्रजा उठते, तो रात्रभर जंगलात धावतो, आणि दूर ढोल वाजत राहतो. ओनीलनं संहितेत ढोलाची लयसुद्धा बांधून दिली आहे. सुरुवात मिनिटाला ७२, म्हणजे माणसाची शांत नाडी. मग ती हळूहळू वाढत जाते. शिबिरात मी तुम्हाला स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायला लावतो आणि डग्ग्यावर ठेका धरतो, तो याचसाठी. पाचव्या मिनिटाला निम्म्या जणांची नाडी माझ्या हातामागं धावते आणि कुणालाच ते कळत नाही.

नाटक डिसेंबरअखेरी गर्दी मावेना म्हणून ब्रॉडवेला गेलं, २०४ प्रयोग झाले. काळ्या माणसाची गंभीर भूमिका म्हटली की गोऱ्या नटानं जळक्या बुचाची काजळी फासायची, असा रिवाज असलेल्या त्या गल्लीत अख्खं नाटक एका काळ्या नटाच्या खांद्यावर उभं होतं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रामा लीगनं वर्षभरात रंगभूमीसाठी सर्वात जास्त केलेल्या दहा जणांत त्याला निवडलं. मग जेवणाचा प्रश्न आला. सन्मान ठीक, पण पंगतीला बसवायचं? काही सभासदांनी नाकं मुरडली. तेव्हा ओनील पुढे झाला. गिल्पिनला बोलावणं नसेल तर तुम्हीही जाऊ नका, असं त्यानं बाकीच्या मानकऱ्यांना पटवलं. लीगला झुकावं लागलं. गिल्पिन गेला, आणि टाळ्या थांबेनात. त्याच वर्षी त्याला काळ्या अमेरिकनांच्या कर्तृत्वासाठीचं मानाचं स्पिंगार्न पदक मिळालं, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याची भेट घेतली.

हे सगळं तुम्ही टिपून घेता. पुढचं सांगायची वेळ आली की मी घड्याळ बघतो.

जोन्सच्या तोंडी ओनीलनं एक शब्द पुनःपुन्हा घातला होता. काळ्या माणसाला गोरे ज्या शब्दानं हिणवायचे तोच. जोन्स तो स्वतः इतरांसाठी वापरतो. प्रयोग वाढत गेले तसा गिल्पिन तो शब्द गाळायला लागला. त्या जागी 'नीग्रो', 'कलर्ड मॅन' असे त्या काळी सभ्य समजले जाणारे शब्द घालायला लागला. ओनीलला कळलं तेव्हा त्यानं मारहाणीची धमकी दिली. पंगतीसाठी ज्याच्या बाजूनं भांडला, त्याच माणसाला. पुढे भूमिका रोबसनकडे गेली.

आता माझं.

१९९६ साल. मी एकतिसाचा, स्वतःला लेखक-दिग्दर्शक म्हणवणारा. माझं एक दीर्घ स्वगत स्पर्धेत गाजलं होतं. गावकीतून निवृत्त झालेला एक म्हातारा, शेवटच्या रात्री स्वतःशी बोलतो. माझं आडनाव तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तो म्हातारा माझ्या घरातला नव्हता हे सांगायला नको. त्याच्या तोंडी मी त्याच्या जातीचं जुनं, हेटाळणीचं नाव घातलं होतं. चौदा वेळा. म्हातारा स्वतःला त्याच नावानं हाक मारतो, कारण आयुष्यभर त्याला दुसरी हाक ऐकूच आलेली नाही. मला ते फार भारी वाटलं होतं. परीक्षकांनाही वाटलं.

नट त्याच समाजातला होता. नाव सांगणार नाही. तालमींत त्यानं चौदाच्या चौदा वेळा शब्द नीट घेतला. स्पर्धेतही घेतला. सातव्या की आठव्या प्रयोगाला, जिल्ह्याच्या गावी, त्याच्या वस्तीतली माणसं पहिल्यांदा बघायला आली. मी विंगेत संहिता घेऊन उभा. पहिली जागा आली. त्यानं श्वास घेतला, ओठ उघडले, आणि अर्ध्या श्वासावर थांबून म्हणाला, "मी." मला वाटलं वाक्य पडलं. दुसरी जागा, पुन्हा तेच. तेव्हा मी पेन्सिल काढली आणि समासात खुणा करायला लागलो. घाम फुटला होता मला, रागानं. तिकडे थिएटर असं चिडीचूप होतं की प्रकाशयोजनेच्या डिमरची घरघर ऐकू येत होती.

पडदा पडल्यावर मेकअपरूममध्ये मी त्याच्यावर ओरडलो. अजून एक पाय मेकअपच्या खुर्चीवर ठेवून तो काठीची घुंगरं सोडवत होता. मी म्हणालो, "संहिता माझी आहे. तुला लाज वाटते म्हणून म्हाताऱ्याची लाज पुसायचा तुला काय हक्क?" बाहेर त्याची आई दारात उभी होती. डबा घेऊन आली होती. मी तिला पाहिलं होतं, तरी थांबलो नाही. तो एवढंच म्हणाला, "सर, बाकीचं तोंडपाठ आहे, बघा."

पुढच्या प्रयोगाला मी रिप्लेसमेंट घेतली. नवा मुलगा दुसऱ्या समाजातला. चौदाच्या चौदा वेळा शब्द खणखणीत म्हणायचा. नाटक आणखी तीस प्रयोग चाललं.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा. एवढं सोपं असतं तर मी गिल्पिनपाशी आलोच नसतो. नटानं पदरची वाक्यं घालायला सुरुवात केली की नाटकाचं काय होतं, हे व्यावसायिक रंगभूमीवर तुम्ही रोज बघता. एक शब्द चालतो तर दहा का नाही? शिवाय शब्द झाकला की त्यामागचा अन्यायही सोयीनं झाकला जातो, हे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही मागे घेत नाही. वस्तीतली माणसं बसली नसती तर त्यानं शब्द बदलला असता का, हेही मी स्वतःला विचारतो. पण मग वाटतं, तीच माणसं तर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं प्रेक्षागृहात बसली होती. बाकीचे प्रयोग आम्ही आमच्याच माणसांना दाखवत होतो.

गिल्पिन पुढे दारूत बुडाला, प्रयोग ढासळले, असं लिहिलं गेलं आहे. ओनीलनंही हे कारण सांगितलं. मला ते वाचून बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. माझा नट सुपारीचं खांडही खात नव्हता, त्यामुळे मला तसलं कारण मिळालं नाही. १९२६ मध्ये गिल्पिननं ब्रॉडवेवर पुन्हा एकदा जोन्स केला. मग आवाज गेला. पुन्हा लिफ्ट. १९३० मध्ये न्यू जर्सीत वारला, एकावन्न वर्षांचा. आणि १९४६ मध्ये ओनील म्हणाला की आपल्या मनातलं पात्र तंतोतंत साकारणारा एकच नट आपल्याला भेटला, तो गिल्पिन. सोळा वर्षं उशिरा. माझ्यातला एकतिशीचा मुलगा म्हणतो, बघ, म्हणजे शब्द बदलूनही पात्र तेच राहिलं, मग धमकी कशाला? आणि मीच त्याला म्हणतो, तू तरी कुठे थांबलास, दारात डबा दिसत असताना?

ती पेन्सिलीच्या खुणांची प्रत माझ्याकडे आहे. बरीच वर्षं उघडली नव्हती. उघडली तेव्हा मोजलं. चौदांपैकी त्यानं अकरा जागी शब्द गाळला होता, तीन जागी ठेवला होता. त्या तिन्ही जागी म्हातारा पाटलाची नक्कल करतो. जिथे तो स्वतःबद्दल बोलतो तिथे "मी". माझ्या संहितेत हा फरक नव्हता. मला सुचला नव्हता.

आता एक प्रकाशक ते स्वगत पुन्हा छापतोय. कुठला पाठ छापायचा, म्हणून मी त्या नटाला फोन केला, अठ्ठावीस वर्षांनी. तो एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे, निवृत्तीला आला आहे. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मागे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. म्हणाला, "नाटक तुमचं आहे सर." मग जरा थांबून म्हणाला, "अकरा नव्हे, बारा. एक जागा तुमची मोजायची राहिली असणार."

प्रत घेऊन दोनदा बसलो. ती बारावी जागा मला अजून सापडलेली नाही.