आमची वाटचाल: खापरी लागली की मशीन बंद

कराड तालुक्यात विहिरी, शेततळी आणि घरांचे पाये खोदून देणं हा आमचा धंदा. 2006 साली पतसंस्थेचं कर्ज काढून जुना जेसीबी घेतला. आज दोन जेसीबी आणि एक डंपर आहे. मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. हप्ते, डिझेल, उधारी. या धंद्यात सगळ्यांचं तेच असतं.

आमचं वेगळेपण एवढंच, की खोदताना जुन्या खापऱ्या दिसल्या की आमची मशीन थांबते. ही खोड मला चौथीत लागली. गावाजवळ नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीचं, टेकाड होतं. भिंती लिंपायला, धाब्यावर टाकायला लोक तिथली माती न्यायचे. अण्णा गाडी भरत होते आणि मी ढिगात हात घालून बसलो होतो. लालबुंद, गुळगुळीत, आरपार भोक पाडलेला मणी निघाला. आजी म्हणाली, "कुणाच्या गळ्यातला असंल, टाकून दे." शाळेतल्या सरांनी मात्र तो उन्हात धरला आणि सांगितलं, हा अकीक आहे, दगड घासून घासून केलेला. मणी शाळेच्या कपाटात गेला. सरांनी पुढं आम्हा पोरांना आगाशिवच्या डोंगरावर नेलं. तिथं साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. हजारेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशात भारहुतला जो स्तूप होता, त्याच्या दानलेखांत 'करहाकट' म्हणजे आपलं कराड कोरलेलं आहे, हेही तिथंच कळलं. तेव्हापासून मला माती नुसती माती दिसत नाही.

काळ्या रानात वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. पांढरीत बकेट शिरली की रंगच बदलतो. राखाडी, भुसभुशीत माती. मधे कोळसा, हाडं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. सातवाहन काळातली वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब भरते. आमच्या ऑपरेटर पोरांना हे सगळं हातात देऊन दाखवलंय. वस्तू पुन्हा हाती लागेलही, पण ती कोणत्या थरात होती हे बकेटच्या एका घासात कायमचं पुसलं जातं.

मालक वैतागतात, साहजिक आहे. म्हणून थांबलेल्या वेळेचं भाडं आम्ही लावत नाही. त्यांना वाटतं हंडाच लागला! खरोखर लागलाच तर 1878 चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो, वर तुरुंगवासही होऊ शकतो. हे ऐकलं की हंड्याची हौस निम्मी उतरते. पण हंडे निघत नाहीत, खापऱ्याच निघतात, आणि मला त्याच हव्या असतात.

जुनी गावठाणं बहुतेक पांढरीवरच वसलेली. आता जुनी घरं पाडून स्लॅबची बांधतात, त्यामुळे पायाची कामं तिथंच जास्त येतात. त्या बोळांत मोठी मशीन शिरत नाही, म्हणून यंदा छोटा एक्स्कॅव्हेटर घेतोय. थर न उचकटता हळूच खरवडता यावेत म्हणून त्याला बिनदातांची बकेट मागितली, तर विकणारा म्हणाला, "शेट, ही गटारं साफ करायला नेतात." म्हटलं, हीच द्या.