मुहूर्ताआधीची कागदपत्रे

माझ्या भाचीचे लग्न इंग्लंडमधल्या मुलाशी ठरले, तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या घरी कार्यालय आणि केटरर यांच्याइतकीच व्हिसाचीही चर्चा झाली. परदेशातले स्थळ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की व्हिसाची तयारी लग्नानंतर नव्हे, तर साखरपुड्यापासूनच सुरू करावी.

मुलाकडे तिथे राहण्याचा नेमका कोणता दर्जा आहे, हे बोलणी चालू असतानाच स्पष्ट विचारावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. तो नोकरीच्या व्हिसावर असेल, तर पत्नी ‘डिपेन्डंट’ म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून जाते आणि नियम वेगळे असतात. आमचा जावई ब्रिटिश नागरिक असल्यामुळे त्याला वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न दाखवणे भाग होते. ही मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यापूर्वी ती १८,६०० पौंड होती. भाचीला हिंजवडीतल्या कंपनीत चांगला पगार आहे, पण भारतातून अर्ज करताना पत्नीचा इथला पगार त्यात धरलाच जात नाही, हे ऐकून ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शिवाय आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो, त्यामुळे ही रक्कम लग्नाच्या खर्चातच धरलेली बरी. क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते आणि तिचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून ती फार लवकर उरकू नये.

खरी किचकट बाब नावांची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग निराळे, अशी आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह नोंदणीचा अर्ज भरताना दोघांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर लिहावीत. तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्याही लागतात, तेव्हा गुरुजींना आधीच सांगून ठेवावे. माहेरचे नाव बदलण्याची घाई माझ्या मते व्हिसा हाती येईपर्यंत करूच नये.

नाते खरे आहे याचा पुरावाही द्यावा लागतो. दोघे प्रत्यक्ष भेटलेले असणे बंधनकारक असल्यामुळे, नुसत्या व्हिडिओ कॉलवर ठरलेल्या स्थळाला ही अट आडवी येते. भाचीने त्याच्या पुणे-भेटींची विमानतिकिटे, संभाषणांच्या नोंदी आणि साखरपुड्याचे फोटो तारीखवार लावले. लग्नपत्रिका मराठीत होती; तिचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि त्याखाली भाषांतरकाराची सही, नाव, संपर्क, तारीख आणि अचूकतेची ग्वाही घेतली, कारण त्याशिवाय मराठी कागद ग्राह्य धरला जात नाही. पत्रिकेतले ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ इंग्रजीत वाचताना घरात बराच हशा झाला, पण भाषांतरकाराने तेही निष्ठेने उतरवले होते.