बाबांची पिशवी आणि आमचं "चालायचंच"

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटावर उजव्या बाजूला स्टोमा आला. इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड बाहेर काढून तिथे पिशवी लावायची. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने फ्लेंजला, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीला, 35 मिमीचं भोक कापून दाखवलं आणि आम्ही लालबागला घरी येऊन तेच माप धरून दोन महिने कापत राहिलो. ऑपरेशनची सूज उतरते तसा स्टोमा सहा-आठ आठवडे बारीक होत जातो, तो परत परत मोजायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मग लीकेज सुरू झालं. रात्री दोनला उठून चादर बदलायची, आणि फ्लेंज काढला की खालची कातडी सोलल्यासारखी लालभडक, पाणी सुटलेली. बाबा दातओठ आवळून बसायचे आणि म्हणायचे, "चालायचंच, पोट फाडलंय तर एवढं होणारच." आम्हीही माना डोलावल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी एका स्टोमा नर्सकडे गेलो. तिने मापाचं कार्ड टेकवलं, स्टोमा भरला 25 मिमी. म्हणजे चारी बाजूंनी 5 मिमी कातडी उघडी, आणि लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मलात पाचक रस असतात, ते कातडीलाही सोडत नाहीत! भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिमीच मोठं ठेवायचं. साध्या पाण्याने पुसायचं, डेटॉल नको, तेल नको, पूर्ण कोरडं करायचं (आपल्या दमट हवेत पंख्याखाली बसवूनच), ओल्या जागी स्टोमा पावडर टाकून जास्तीची झटकायची, आणि फ्लेंज लावला की मिनिटभर तळहाताने दाबून धरायचा, ऊब मिळाली की नीट चिकटतो. आठवड्यात फरक दिसला.

दुसरा फटका ऑक्टोबर हीटमध्ये. पिशवी तासातासाला भरायला लागली, आम्ही पाणी पाजतोय, नारळपाणी देतोय, आणि बाबांच्या पोटऱ्यांत गोळे, लघवी अगदी कमी. अॅडमिट करून सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर गेलं की अंगातलं मीठ जातं, त्यात नुसतं पाणी प्यायलं की ते आणखी मीठ ओढून बाहेर पडतं, आणि नारळपाण्यात सोडियम कमीच. ओआरएस घोटघोट द्यायचं, लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, ग्लासात थोडं थोडं नाही. आता पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करून वहीत लिहितो.

आणि मोदक. गणपतीत आईने उकडीचे केले, बाबांनी तीन खाल्ले, ओल्या नारळाचा चव आतड्यात अडकला. संध्याकाळपासून पिशवी कोरडी, पोटात कळा, उलट्या, मध्यरात्री टॅक्सी करून हॉस्पिटल. सुदैवाने ऑपरेशन न करता सुटलं. मका, खोबरं, मशरूम, शेंगदाणे यांच्यापासून जपूनच, खायचेच तर थोडे आणि खूप चावून. चार-सहा तास काहीच आलं नाही आणि कळा येतायत तर सकाळची वाट बघू नका प्लीज.

स्टोमाला स्वतःला दुखत नाही, म्हणून तो डोळ्यांनीच बघावा लागतो. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओला हवा, पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका, पण जांभळा-काळा पडला तर लगेच डॉक्टर. काल बाबांनी स्वतः कार्ड टेकवलं, "24," म्हणाले, आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतली.